लाल शाईचा शेरा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापाशी काळा चबुतरा आहे. 1857 च्या जून महिन्यात, निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यातल्या स्वारांना इथेच देहदंड दिला गेला, असे शहर मानते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, या बातमीने रिसाला बिथरला होता. पुण्याच्या बाजूने जनरल वुडबर्नची फौज या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आली, तोफा सज्ज झाल्या, स्वारांना मैदानात उभे करण्यात आले आणि नावे वाचली जाऊ लागली. इमानी कोण आणि बंडखोर कोण, याची विभागणी त्या मैदानावर काही तासांत होणार होती. वाचन चालू असतानाच गोंधळ उडाला, काही स्वार घोड्यांसकट निसटले, काही पकडले गेले. आपल्या कॅप्टनवर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अली या दफेदाराला फाशी झाली, आणखी काहींना मृत्युदंड मिळाला, उरलेल्यांपैकी अनेकांची हत्यारे काढून घेऊन नावे कमी करण्यात आली. पुढे त्याच रिसाल्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. 1903 मध्ये सरसेनापती किचनरने कंटिन्जंट भारतीय सेनेत विलीन केला, तेव्हा हा पहिला रिसाला ‘विसावा डेक्कन हॉर्स’ झाला. 14 जुलै 1916 रोजी सोमच्या रणांगणावर हाय वुडजवळ त्याने घोड्यांवरून हल्ला केला. 1921 मध्ये त्याच्या नावाला ‘रॉयल’ जोडले गेले, आणि स्वतंत्र भारताच्या सेनेत 1965 साली असल उत्तरच्या रणगाड्यांच्या लढाईत डेक्कन हॉर्स पुन्हा उभा होता. पलटणीला तिचा मान परत मिळाला. त्या मैदानावर ज्यांची नावे कमी झाली, त्यांच्या कागदांवरचा शब्द मात्र कुणी पुन्हा वाचला नाही.

या लेखाचा विषय बंडाचा नाही, नशेचा आहे. दारू, अफू, गांजा किंवा त्यांसारख्या पदार्थांच्या कारणावरून सैन्यातून काढलेला शिपाई वर्षांनंतर येऊन म्हणतो, माझ्या कागदावरचा शेरा पुन्हा तपासा. ही मागणी ऐकताच बहुतेकांच्या मनात दयेचा विचार येतो. माफ करायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे असे वाटते. माझे म्हणणे निराळे आहे. सैन्यातून काढताना लिहिलेला शेरा ही एक नोंद असते. ती एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट घाईत, त्या काळच्या समजुतीने लिहिलेली असते, आणि कुठल्याही नोंदीसारखी ती चुकू शकते, अपुरी असू शकते किंवा काळाच्या ओघात अन्यायकारक ठरू शकते. तेव्हा ती पुन्हा तपासणे हे दुरुस्तीचे काम आहे. फेरफाराची नोंद चुकली तर आपण तलाठ्याकडे माफी मागायला जात नाही, दुरुस्तीचा अर्ज देतो. शिपायाच्या शेऱ्यासाठी मात्र असा साधा अर्ज द्यायची खिडकी आपल्याकडे नाही. ती का नाही हे कळण्यासाठी छावणीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

औरंगाबादची छावणी वाढली ती निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेल्या फौजेमुळे. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही तिची इतर ठाणी. कंटिन्जंटचा रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. घोडा, साज, सरंजाम स्वाराचा आणि त्यावर मिळणारा पगार सरकारचा. त्यामुळे रिसाल्यातली ‘असामी’ ही नोकरीबरोबर मिळकतही असे, बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे जाणारी. नाव कमी होणे याचा अर्थ अशा घरासाठी पगार बंद होण्यापुरता नव्हता. पुढची पिढी त्या रिसाल्याच्या दारात उभी राहू शकत नसे. आज बडतर्फीचा विचार करताना आपण एकट्या माणसाचा विचार करतो, पण छावणीच्या आसपास वसलेल्या मोहल्ल्यांत ती नेहमीच घराण्याची गोष्ट राहिली आहे.

1857 ने कायद्यात आणखी एक गोष्ट रुजवली, आणि माझ्या युक्तिवादाचा पाया तिच्यावर आहे. हिंदी शिपायाला जागच्या जागी आणि ताबडतोब शिक्षा देण्याचा अधिकार त्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या हाती असला पाहिजे, ही कल्पना त्या धास्तीतून पक्की झाली. 1869 च्या इंडियन आर्टिकल्स ऑफ वॉरमधून ती 1911 च्या इंडियन आर्मी ॲक्टमध्ये आली आणि तिथून 1950 च्या सेना अधिनियमात. तिचे नाव समरी कोर्ट मार्शल. या न्यायालयात न्यायाधीश एकच, तो म्हणजे आरोपीचा कमांडिंग ऑफिसर. आणखी दोघे बसतात, पण निकालात त्यांचे मत नसते. हे न्यायालय एक वर्षापर्यंत कैद देऊ शकते, नोकरीतून बडतर्फ करू शकते आणि त्याचा निकाल वरिष्ठाने कायम करण्याची वाट पाहावी लागत नाही. इंग्रजांनी आपल्या गोऱ्या सैनिकांसाठी अशी सोय ठेवली नव्हती. आजही भारताच्या वायुसेनेत आणि नौसेनेत हा प्रकार नाही. तो फक्त भूदलात आहे, म्हणजे मराठवाड्यातली आणि पश्चिम महाराष्ट्रातली बहुतेक शिपाई मुले जिथे भरती होतात तिथे. युद्धाच्या आघाडीवर अशा न्यायालयाची गरज पडू शकते, हे मान्य करायला मला अडचण नाही. पण शांततेच्या छावणीत एका सकाळी बसून दुपारी संपलेल्या सुनावणीतला शब्द पुढची चाळीस वर्षे माणसाच्या कपाळावर राहावा, ही व्यवस्था एका विशिष्ट भीतीने तयार झाली आहे. ती निसर्गनियम असल्यासारखी आपण वागवत आलो आहोत.

आता नशेकडे येऊ. छावणी आणि नशा यांचे नाते सरळ नव्हते. गोऱ्या पलटणींना रम मिळे, त्यांच्यासाठी कॅन्टीन असे, आणि त्याच सैन्यात दारू सोडवणाऱ्या मंडळांना उत्तेजनही दिले जाई. छावणीच्या कायद्यात शिपायांना परवान्याविना दारू अथवा मादक पदार्थ विकण्यावर बंदी होती, पण परवाना देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. देशी शिपायाच्या बाबतीत अफू आणि भांग-गांजा यांकडे सरकार बरेचसे कानाडोळा करून पाहत असे. रजपूत आणि शीख शिपाई अफू घेतात हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते. लांबच्या कूचकदमीत, थंडीत, जागरणात तिचा उपयोग होतो असे त्यांतले अनेक जण उघडपणे सांगत. नाइल ग्रीन या इतिहासकाराने हैदराबाद कंटिन्जंटमधल्या मुसलमान शिपायांवर लिहिलेल्या पुस्तकात बराकीचे हे जग उभे केले आहे. फकिरांच्या करामतींच्या कथा, उरूस, नशापाणी आणि दुसऱ्या बाजूला मॅजिस्ट्रेट व वेड्यांचे इस्पितळ, असे ते जग. औरंगाबादचे बन्ने मियाँ याच जगातले. ज्यांच्या निधनाची बातमी 1921 साली दूरवरच्या भक्तांनी ऐकली ते हे फकीर आधी कंटिन्जंटच्या चाकरीत होते. शिर्डीच्या साईबाबांच्या कथांतही त्यांचे नाव येते. त्यांच्या बाबतीत नशेचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. मला त्यांच्यात दिसते ते एवढेच की शिस्तीच्या वहीत न बसणारा माणूस त्या काळी दुसऱ्या एका वहीत बसू शकत होता, आणि लोक त्या दुसऱ्या वहीवर जास्त विश्वास ठेवत.

1893 ते 1895 या काळात ब्रिटिश सरकारने दोन मोठे आयोग बसवले. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालचा रॉयल कमिशन ऑन ओपियम अफूसाठी, आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालचा इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन गांजा, भांग आणि चरस यांसाठी. दोन्ही आयोगांचा निष्कर्ष सरकारच्या तिजोरीला सोयीचा होता. माफक सेवनाने मोठे नुकसान होत नाही, तेव्हा बंदी नको, कर आणि नियंत्रण असू द्या. त्यांतल्या महसुलाच्या हिशोबामुळे त्या निष्कर्षांकडे संशयाने पाहायला हवे. तरीही दुसऱ्या आयोगाच्या कामातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. देशी सैन्यात गांजा किती चालतो याची प्रश्नावली लष्करी अधिकाऱ्यांकडे पाठवून त्यांची उत्तरे एका वेगळ्या पुरवणी खंडात छापली गेली. आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या गेल्या. गांजाने वेड लागते हे तेव्हा सर्वमान्य होते, आणि पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दिले जात. आयोगाने 1892 मध्ये दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे एकेक करून पुन्हा पाहिली. 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा किंवा त्याच्या जातीचा पदार्थ लिहिलेला होता. तपासाअंती त्यातली 98 प्रकरणेच आयोगाने त्या कारणाची मानली, आणि निव्वळ त्याच कारणाची म्हणून 61. निम्म्याहून जास्त नोंदी टिकल्या नाहीत. का टिकल्या नाहीत याचे आयोगाने दिलेले उत्तर साधे आणि भयंकर आहे. माणसाला धरून आणणाऱ्या पोलिसाने काहीतरी सांगितले, कारकुनाला रकाना भरायचा होता, दुसरे कारण कुणाला माहीत नव्हते, म्हणून रकान्यात ‘गांजा’ लिहिले गेले. पुढे डॉक्टरांनी तेच गृहीत धरले, आणि वार्षिक अहवालात ते शास्त्र झाले.

याच 1892 साली, भक्तपरंपरेनुसार, कामठीचे ताजुद्दीन बाबा नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाले. त्याआधी ते मद्रासी पलटणीत शिपाई होते, पलटण सागरला असताना त्यांनी नोकरी सोडली. 1908 मध्ये नागपूरचे राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून बाहेर आणले आणि आपल्या वाड्यावर ठेवले. नोंदवहीत एक शब्द होता, आणि वहीबाहेर हजारो लोक दर्शनाला रांग लावून उभे होते. इथेही माझा मुद्दा नशेचा नाही, रकान्याचा आहे. रकाना रिकामा ठेवता येत नाही. ज्याला काही लिहायचे आहे तो सर्वांत जवळचा शब्द उचलतो. हा शब्द शिपायाच्या बाबतीत ‘नशाबाज’ असला तर त्याच्यामागे आजार होता, दुःख होते, लढाईची धास्ती होती की खरोखर बेफिकिरी होती, हे त्या रकान्यातून कधीच कळत नाही.

आजच्या कायद्यात हा रकाना कसा भरतो ते पाहू. सेना अधिनियमाचे कलम 48 नशेच्या अवस्थेत सापडण्याबद्दल आहे, कामावर असो वा नसो. ती नशा दारूची की आणखी कशाची, हे कलम विचारत नाही. शिपाई कामावर किंवा युद्धसेवेत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत. मादक पदार्थ बाळगण्याचे वा विकण्याचे प्रकरण असेल तर 1985 चा एनडीपीएस कायदा आहेच. पण प्रत्यक्षात बहुतेक शिपाई एका मोठ्या गुन्ह्याने जात नाहीत. एकदा रजेवरून उशिरा आला, एकदा पिऊन सापडला, एकदा हवालदाराशी हुज्जत घातली, असे होत होत कंडक्ट शीटवर लाल शाईच्या नोंदी जमत जातात. चार झाल्या की त्याला ‘नको असलेला’ ठरवून सेना नियम 1954 च्या नियम 13 खाली घरी पाठवता येते. सैनिकांच्या बोलण्यात याला ‘रेड एंट्रीवर नाव कटणे’ म्हणतात. शिपायाला पेन्शन मिळायला पंधरा वर्षे लागतात, त्यामुळे चौथी लाल नोंद पंधरा वर्षे पुरी होण्याआधी पडली की नंतर पडली, याचा अर्थ त्या घरासाठी फार मोठा असतो. बडतर्फी असेल तर त्याहून वाईट. पेन्शन नियमावलीप्रमाणे बडतर्फ माणसाची आधीची सगळी सेवा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी शून्य धरली जाते. आणि गैरवर्तनामुळे काढलेल्या माणसाला ‘माजी सैनिक’ ही व्याख्याच लागू होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत, कॅन्टीन, ईसीएचएस या आरोग्य योजनेचा दवाखाना, नोकरीतले समांतर आरक्षण, यांतले काही नाही. गावात तो ‘मिलिटरीवाला’ म्हणून ओळखला जातो, सरकारच्या लेखी तो सैनिक होता की नव्हता हे विचारण्याचीही सोय राहत नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे मांडायला हवी, कारण ती या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. व्यसन हा आजार आहे हे सेनेच्या वैद्यकीय शाखेला मान्य आहे. दारूच्या अवलंबनासाठी शिपायाला मानसोपचार विभागात ठेवतात, त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आणतात, गरज पडल्यास वैद्यकीय मंडळामार्फत सेवामुक्त करतात. म्हणजे एकच सवय असलेल्या दोन शिपायांपैकी एकाला कुणी डॉक्टरच्या दारातून आत नेले तर तो रुग्ण ठरतो, दुसऱ्याला ऑर्डर्ली रूममध्ये टोपी-पट्टा काढून उभे केले तर तो गुन्हेगार ठरतो. कुठले दार आधी उघडले, हे त्याचा कंपनी कमांडर कसा होता, युनिट कुठे होते, जवळ इस्पितळ होते का, यावर अवलंबून. त्या योगायोगाचा निकाल मात्र कागदावर चारित्र्य म्हणून उतरतो.

न्यायालयांनी या बाबतीत काही केले नाही असे नाही. 1982 मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायात एकही अपील नसण्याबद्दल खंत व्यक्त केली. 1987 मध्ये रणजीत ठाकूर प्रकरणात, जेवण घ्यायला नकार दिल्याच्या आरोपावर एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी देणाऱ्या समरी कोर्ट मार्शलचा निकाल त्याच न्यायालयाने रद्द केला. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी होती आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध शिपायाने तक्रार केली होती तोच न्यायाला बसला होता. 1999 मध्ये विधी आयोगाने आपल्या 169 व्या अहवालात स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली, 2007 मध्ये कायदा झाला आणि 2009 मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झाले. आणि 2015 मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार लाल नोंदी झाल्या म्हणून यांत्रिकपणे शिपायाला काढता येणार नाही. सेना मुख्यालयाच्या 28 डिसेंबर 1988 च्या पत्राप्रमाणे आधी चौकशी हवी, आणि नोंदी कशाबद्दल होत्या, त्याने किती वर्षे सेवा केली, किती काळ खडतर ठाण्यांवर काढला, पेन्शन किती जवळ आली आहे, हे पाहायला हवे. माझ्या मते हा निकाल लाल शाईच्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा कागद आहे.

मग खिडकी नाही असे मी का म्हणतो? कारण न्यायाधिकरणासमोर सामान्यतः सहा महिन्यांत यावे लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. व्यसनाच्या गर्तेतला माणूस सहा महिन्यांत वकील शोधत नाही. तो सावरतो, लाज ओसरते, मुले मोठी होतात, मग तो कागद हातात घेतो, तेव्हा दहा वर्षे उलटलेली असतात. दुसरे म्हणजे न्यायालय कायदेशीर चूक शोधते. प्रक्रिया बरोबर असेल, पण शेरा आजच्या समजुतीने अन्यायाचा असेल, तर त्या प्रश्नाला तिथे जागा कमी. आणि तिसरे, बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद नसलेल्या किरकोळ शिक्षा न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेरच ठेवल्या आहेत. ज्या छोट्या नोंदींच्या ओझ्याखाली नोकरी गेली, त्यांतली एकेक नोंद खरी होती का, हे विचारायला सहसा जागाच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1980 च्या दशकात घरापाशी मिळाले, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयाचा अधिकार मान्यही केला. पण दारात पोचणे आणि योग्य प्रश्न विचारता येणे, यात अंतर आहे.

अमेरिकेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. तिथे सेवामुक्तीच्या कागदावर दर्जा असतो, मानाची, सामान्य, मानाखेरीजची, आणि त्यावर पुढची शिक्षणाची, औषधपाण्याची मदत ठरते. 1944 च्या सैनिक पुनर्वसन कायद्यानेच हा दर्जा तपासणारी मंडळे निर्माण केली. सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांपर्यंत सैनिक तिथे एक साधा छापील अर्ज देऊ शकतो. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनची लागण इतकी वाढली की ऑगस्ट 1971 मध्ये संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी, फक्त स्वतःच्या सेवनाच्या कारणावरून दिलेल्या मानाखेरीजच्या सेवामुक्ती पुन्हा तपासाव्यात असा आदेश काढला. विक्री करणारे त्यातून वगळले होते. त्याच सुमारास संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. व्हिएतनाममध्ये व्यसनात सापडलेल्यांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर पुन्हा त्यात पडले नाहीत. ती सवय त्या जागेची आणि त्या युद्धाची होती, माणसाच्या स्वभावाची नव्हती, हे त्यातून दिसले. लढाईनंतरच्या मानसिक आघाताला अमेरिकन वैद्यकशास्त्राने 1980 मध्ये अधिकृत नाव दिले, आणि 2014 मध्ये संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी सांगितले की नाव नसलेल्या त्या आजाराच्या छायेत घडलेल्या गैरवर्तनाकडे मंडळांनी उदारपणे पाहावे. या मंडळांचा एक निकष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आज हेच घडले असते तर आजच्या धोरणाप्रमाणे हाच शेरा मिळाला असता का? अर्ज केला की दर्जा वाढतो असे तिथेही नाही. पण प्रश्न विचारला जातो.

यावर आक्षेप येणार, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की सैनिकाच्या हाती बंदूक असते, नशेतला संत्री साऱ्या तुकडीचा घात करतो, आणि शेरा पुसण्याची वाट आहे हे कळले तर वचक राहणार नाही. याचे उत्तर शेरा आणि नोकरी यांच्यातल्या फरकात आहे. फेरतपासणी म्हणजे माणसाला पुन्हा गणवेश देणे नव्हे. स्वतंत्र भारताने हा फरक एकदा फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. आझाद हिंद सेनेत गेलेल्या सैनिकांना परत सैन्यात घेतले नाही, 1946 च्या मुंबईच्या नाविक उठावातल्या खलाशांनाही नाही. पण 1972 पासूनच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत दोघांनाही स्थान मिळाले. शिस्तीचा निर्णय कायम राहिला आणि माणसाबद्दलचा शब्द बदलला. त्याने सैन्याची शिस्त ढासळली, असे आजवर कुणी दाखवलेले नाही. ते देशासाठी होते, हे नशेसाठी, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, दोन्ही गोष्टी समान नाहीत. पण शेरा बदलल्याने शिस्त जाते हा दावा तिथेही लागू व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. ज्याने वीस वर्षे थंडी-वाऱ्यात एकही लाल नोंद न घेता काढली, त्याच्या कागदाचे मोल या दुरुस्तीने कमी होते, असे तो म्हणेल तर त्याला काय सांगायचे? सांगायचे हे की सगळ्यांचा शेरा सारखा करावा असे कुणी म्हणत नाही. ‘अनुकरणीय’ हा शब्द त्याचाच राहील. पण ‘गैरवर्तनामुळे’ या एका शब्दाच्या पोटात आज विकणारा, चोरणारा, पळणारा आणि आजारी, हे सगळे एकत्र कोंबलेले आहेत. ते वेगळे केले तर स्वच्छ सैनिकाचा मान कमी होत नाही, खऱ्या गुन्हेगाराला मिळालेला आडोसा मात्र जातो. न्यायालयेही डोळे मिटून बसलेली नाहीत. 2019 मध्ये सतगुर सिंग प्रकरणात वारंवार गैरहजर राहणाऱ्या शिपायाची सेवामुक्ती सर्वोच्च न्यायालयाने कायमच ठेवली. तपासल्यावर काही शेरे टिकतील, टिकायलाच हवेत. हेम्प आयोगानेही 222 पैकी 98 नोंदी मान्य केल्या होत्या.

तिसरे म्हणणे असे की दयेचे अधिकार कायद्यात आहेतच, आणखी कशाला काही हवे? सेना अधिनियमाच्या कलम 179 मध्ये शिक्षा माफ करण्याचा अधिकार आहे, आणि पेन्शन नियमावलीत अपवादात्मक प्रकरणी बडतर्फ माणसालाही पेन्शन देता येते, असे लिहिले आहे. पण दया मागणाऱ्याला आधी गुन्हा कबूल करावा लागतो. ज्याचे म्हणणेच ‘लिहिले ते पूर्ण खरे नाही’ असे आहे, त्याला हे दार कसे चालेल? आणि अपवाद म्हणजे काय, कुठले पुरावे हवेत, उत्तर कधी येईल, हे अर्जदाराला सांगणारे काही त्या एका वाक्यात नाही. 1988 च्या पत्रात जे निकष नोकरी जाण्याआधीसाठी आहेत, सेवेची वर्षे, खडतर ठाणी, नोंदींचे स्वरूप, तेच निकष नोकरी गेल्यानंतरच्या फेरतपासणीला लावता येतील. त्यांना वैद्यकीय मत आणि नंतरच्या आयुष्याचा पुरावा, म्हणजे उपचार, कामधंदा, गावातली वागणूक, जोडता येईल. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वीकारता येईल, तिथे आज त्याच माणसाला ‘तुम्ही माजी सैनिक नाही’ म्हणून परत पाठवावे लागते. पहिली लाल नोंद कुठल्या तारखेची, तेव्हा पलटण कुठे होती, त्या आठवड्यात वैद्यकीय तपासणी झाली होती की नाही, हे सगळे रेकॉर्ड ऑफिसच्या कपाटात अजून आहे.